एक तारखेपासून

नंदकुमारने खिशातला हुकूम तिसऱ्यांदा उघडला आणि तारखेवर बोट ठेवलं. नेमणूक १ नोव्हेंबर १९९४पासून. प्रवाशांची लाँच बुडाली एकोणीस नोव्हेंबरला आणि कागद हातात पडला आज, पाच डिसेंबरला. दिल्लीचं काम म्हणजे वरातीमागून घोडं. पण हे घोडं नेमकं त्याच्याच छातीवर येऊन उभं राहिलं होतं.

बोटींच्या सुरक्षेचं खातं बांधलंच होतं तसं. तपासायचं नंदकुमारने, बोट अडवायची मुंबईच्या साहेबांच्या सहीने, आणि साहेब नेमायचे दिल्लीच्या मंडळाने. जुने साहेब निवृत्त झाले आणि मंडळाची बैठक काही लागेना. लाँचच्या तळाची फळी कुजल्याचं नंदकुमारने दहा तारखेलाच लिहून ठेवलं होतं. मालकाला तोंडी सांगूनही पाहिलं.

"सहीचा कागद आना," मालक म्हणाला.

सही करणारा नव्हताच. लाँच रोज भरून जायची.

ती बुडाली त्यात त्याच्या ओळखीच्या पंढरीची बायको सरस्वती गेली. घणसोली गावात त्याच्या ओटीवर बसून नंदकुमार म्हणाला होता, "माझ्या हातात असतं तर बांधून ठेवली असती." ते खरं होतं. निदान तेव्हा खरं होतं; या हुकुमाने मात्र तो एक तारखेपासूनच साहेब ठरला होता.

"आता तरी हसा की," अरुणाने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "सोसायटीत वाटून आले. बारा वर्षं वाट पाहिलीत."

"हुकूम परत पाठवता येतो का, बघतोय."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात पंढरी, हातात कोरा कागद.

"नंदूभाऊ, चौकशीचा अर्ज लिवून देतो म्हनालेलाव. लाँच थांबवाचा हक्क कोनाचा व्हता, त्याचा नाव पायजे."

नंदकुमारने पेनाचं टोपण काढलं. 'पद रिक्त होतं', एवढी एक ओळ पुरली असती.

कागद टेबलावर ठेवताना पंढरीची नजर पुड्यावर गेली.

"पेढे कसले, वयनी?"

अरुणा ओशाळली. "हे साहेब झाले," ती हळूच म्हणाली.

"बरा झाला." पंढरीला खरंच बरं वाटलं होतं. "तुमी हाव, तं आता असा कोनाचा व्हनार नाय. कदीपासून?"

नंदकुमारने कोरा कागद पुढे ओढला, नेमणुकीच्या तारखेसकट स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद पंढरीकडे वळवला. पंढरी एकेक अक्षर लावत वाचू लागला.