आईवरचा उपचार

सायकलवरून पडून मेंदूला मार बसल्यापासून लेकीला शब्द लवकर सापडत नाहीत. त्याआधी घरात सगळे तिला रेडिओ म्हणायचे. शाळेतल्या वाचा-उपचाराच्या ताई तिला बोलतं करायला बघायच्या आणि शेजारी बसून उत्तरं मात्र मी द्यायची.

"मूग गिळून बसणं काही तुम्हाला जमत नाही," म्हणत ताईंनी आज माझ्यापुढे पेला ठेवला. "एक घोट तोंडात धरा. ती बोलेपर्यंत गिळायचा नाही. तिचं ती बोलली, तर सोमवारपासून वर्गात बसेल."

मी गाल फुगवून बसले. ताईंनी कंगव्याचं चित्र दाखवलं. लेकीने केसांतून बोटं फिरवली, डोळे मिटले, ओठ हलवले. माझा जीव नुसता कासावीस झाला.

"कं... कंगवा."

माझे डोळे भरून आले, पाणी गिळायचं भानच राहिलं नाही. लेक माझ्याकडे बघत राहिली.

"गिळ ना, आई. बेडूक... दिसतेस."

"हे तर मी विचारलंही नव्हतं," ताई तिला म्हणाल्या. "सोमवारी तू वर्गात जा. आईला इथेच ठेव, तिचा उपचार बाकी आहे."