आत पान आहे का?

मित्रांनो, जुनी म्हणा, पिचकलेली म्हणा, पण मला डबा म्हणू नका. मी शीतपेटी आहे. माझी एक बिजागरी तारेने बांधलेली आहे आणि अंगाचा निळा रंग उडून गेला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी विमानाच्या पोटात बसून जिने समुद्र ओलांडले, तिच्याशी जरा अदबीने बोलावं.

माझा जन्म मुलुंडच्या एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या दोन भिंतींमध्ये पांढरा फेस ओतला. तो दुधासारखा उतू आला आणि फुगून घट्ट बसला. तो फेस हीच माझी ताकद. पण एक गोष्ट आताच सांगून ठेवते. मी थंडी तयार करत नाही. कोणी आत ठेवली तर धरून ठेवते, एवढंच. हे लोकांना कळत नाही आणि तिथेच सगळी वाट लागते.

तरुणपणी मी मासळी नेली, आंब्याचा रस नेला. एकदा लंडनला माझं झाकण उघडलं तर भर उन्हाळ्यात विमानतळावरच्या लोकांनी स्वेटर चढवले. एकदा माझ्यातल्या बोंबलांना अशी हुडहुडी भरली की ते एकमेकांना मिठी मारून झोपले आणि दुबईत त्यांची मिठी सोडवायला दोन पैलवान बोलवावे लागले. खोटं वाटतं? बोंबलांना विचारा. सापडले तर.

तेव्हाचा माझा मालक म्हणायचा, "ही पेटी म्हणजे हिमालय." मग एकदाच वापरून फेकायच्या थर्माकोलच्या हलक्या पेट्या आल्या आणि हिमालय गोदामाच्या कोपऱ्यात जाऊन पडला. हमाल माझ्यावर पत्ते कुटायचे. हरणारा मला लाथ मारायचा, आणि जिंकणाराही आनंदाच्या भरात लाथच मारायचा.

तिथून मला उचललं भांडुपच्या सुलक्षणाने. ती मूळची कणकवलीकडची. पातोळ्या कराव्यात तर तिनेच. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, त्यावर गूळखोबऱ्याचं चून पसरायचं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. तिच्या घरी वाफ सुटली की मजल्यावरच्या बायका काहीतरी निमित्त काढून यायच्या. वाफवलेल्या पातोळ्या फ्रीजरमध्ये दगडासारख्या गोठवून विकायचं तिने ठरवलं आणि बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी सोडली.

मस्कतच्या विद्याधर नावाच्या दुकानदाराने गौरीच्या नैवेद्यासाठी तिच्याकडे पातोळ्या मागितल्या. फोनवर म्हणाला, "ताई, ह्या गौरीला धड पोचल्या तर दर वर्षी तुमच्याच. नाहीतर मी गोव्याहून मागवीन. राग मानू नका."

रागाचा प्रश्नच नव्हता. सुलक्षणाने मला गरम पाण्याने घासून काढलं, पातोळ्या एकीवर एक रचल्या, वर सुका बर्फ ठेवला. हा बर्फ वितळून पाणी होत नाही, मित्रांनो. तो धूर होऊन गुपचूप पळून जातो. झाकणावर तिने जाड अक्षरात लिहिलं : 'पानातल्या पातोळ्या. सावलीत ठेवा.'

टेम्पो तिच्या दिराचा, गुणाजीचा. विमान जेवढ्या वेळात मस्कत गाठतं, तेवढ्या वेळात आम्ही जेमतेम पवई गाठली.

"वहिनीनू, विमानाकच हडे बोलवूया काय?" गुणाजी म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही हॉर्न कमी मारा. आत पातोळ्या जाग्या होतील."

अंधेरीला विमानाच्या मालाच्या शेडपाशी पोचलो. माल पाठवणाऱ्या कंपनीचा सुबोध कागद घेऊन दुसऱ्या खिडकीकडे पळाला. मला आत नेलं. सुलक्षणा आणि गुणाजी जाळीच्या बाहेर राहिले. आत माल तपासणारा रतन उभा होता. त्याने झाकणावर बोट ठेवून पहिला शब्द वाचला आणि तिथेच थांबला. मागे एक ट्रक गुरगुरत होता. रतन जाळीकडे तोंड करून ओरडला, "बाई, अंदर पान है?"

"वहिनीनू, तो इचारता, आत पान आसा काय?"

"आहे ना! पानाशिवाय कशा होतील?" सुलक्षणा ओरडली.

"चूना भी डाला है?"

"चून? भरपूर घातलंय! हात आखडला नाही!"

"मीठा है क्या?"

"एकदम गोड!"

रतनने मान डोलावली आणि हमालाला म्हणाला, "पान-तंबाखू आज नहीं जाएगा. साइड में डाल."

मला भिंतीकडेला ठेवलं. त्या भिंतीला सावली अशी नव्हतीच. समोर सुलक्षणाला वाटलं, पेटी घेतली. तिने हात जोडले आणि गुणाजीला म्हणाली, "चला, चहा घेऊ. झकास झालं!"

मी ओरडले. पेटीचं ओरडणं म्हणजे काय, तर बिजागरी करकरते. एका हमालाने येऊन बिजागरीवर थुंकी लावली. आत बर्फ धूर होऊन निघाला होता. मी भिंती आवळल्या, झाकण दातांत धरावं तसं धरलं. आकाशात, एवढ्या उंचीवर, मला कधी घाम फुटला नाही. फुटला तो अंधेरीत, दोन माणसांच्या मराठी-हिंदीत. सगळं जग म्हणतं, वस्तू परदेशात जाताना बिघडते. अहो, परदेशात जायला मिळालं तर ना!

तीन तासांनी सुबोध कागद घेऊन परतला आणि चहावरून येऊन जाळीपाशी थांबलेल्या सुलक्षणाकडे आला. "ताई, तुमची पेटी तिकडे भिंतीला कशाला?"

तो आत धावला, रतनशी बोलला आणि कपाळाला हात लावून परत फिरला. "तो म्हणतो त्यात पान आहे. तुम्हीच सांगितलंत. चुना लावलेलं. गोड!"

सुलक्षणा जाळीला धरून ओरडली, "अहो, हळदीचं पान! विडा नाही तो! आणि चून म्हणजे खोबरं, खोबरं!"

"तो सीधा खोबरा बोलने का ना, बाई!" रतनही चिडला. मग त्याने मला जाळीपाशी आणलं आणि झाकण उघडलं. हळदीच्या पानाचा वास सगळ्या शेडभर गेला. बर्फाचा एक खडाही उरला नव्हता. सुलक्षणाने जाळीच्या फटीतून हात घालून वरच्या पातोळीवर बोट दाबलं. बोट आत गेलं.

सुबोध हळूच म्हणाला, "विमान अजून आहे. मी सुका बर्फ आणतो, वर ओतू. पोचेपर्यंत परत दगड होतील. तिकडे कोणाला काय कळतंय, यार?"

मला थापा मारायला आवडतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पण असली थाप मलाही नको होती.

"एकदा मऊ पडलेलं परत गोठवून पाठवू?" सुलक्षणा म्हणाली. "गौरीपुढे ठेवून मग ते पोरं खाणार. एखाद्याचं पोट बिघडलं म्हणजे?"

"अहो, पण ऑर्डर..."

"गेली."

तिने तिथूनच मस्कतला फोन लावला. विद्याधर विचारत होता, "मग इथल्या बायकांना मी काय सांगू?"

"सांगा, पातोळ्या अंधेरीत संपल्या."

पलीकडून फक्त "बरं, ताई" आलं. त्या 'बरं'ला मला गोव्याचा वास आला.

मग तिने मला बाहेर मागून घेतलं आणि फाटकाशीच सगळ्यांना हाका मारल्या. "या रे, आत्ता खा. आत्ता चांगल्या आहेत, उद्या नसतील." हमाल आले, ट्रकवाले आले. रतन सगळ्यात शेवटी आला. त्याने पातोळी पानासकट तोंडात कोंबली.

"पान काढा ओ!" सुलक्षणा ओरडली. "ते खायचं नसतं!"

सगळे हसले. तीही हसली, पण अर्धंच. उरलेलं हसू तिने पदराने पुसलं.

रिकामी पेटी हलकी असते म्हणतात. त्या दुपारी मला टेम्पोत चढवताना गुणाजीला दोनदा थांबावं लागलं, आणि ही माझी थाप नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. न कळलेला शब्द दिसला तर लांबून ओरडू नका. जवळ जाऊन विचारा. आणि एखादी पेटी उन्हात पडलेली दिसली, तर आत काय आहे ते नंतर बघा, आधी तिला सावलीत ढकला. थंडी धरून ठेवायचं काम माझं. ते मी मरेपर्यंत करीन. पण सावलीपर्यंत मला चालता येत नाही.