बारा बोल्ट, दोन कान

रॉइस हॅचरच्या सत्तर सालच्या शेव्हेल गाडीचा डिफरन्शियल गेल्या जुलैत मोडला, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरनं रॉइसला सांगितलं की नसा विझत चालल्या आहेत. आधी पाय जातील, मग हात, मग श्वास. दोन्ही बातम्या घेऊन घरी आल्यावर रॉइस एकीबद्दलच बोलला.

"दात गेले सगळे," तो म्हणाला. "दुसरा बघावा लागेल."

त्यानंतर चौदा महिने तो दुसरा बघत होता.

त्याच्या बायकोला, ग्लेनाला, गाड्यांतलं कळत नव्हतं असं नाही. बत्तीस वर्षं गाडीवेड्याच्या घरात काढल्यावर न कळून राहील कसं? इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा तो लोखंडी भोपळा काय चीज आहे हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरकडून सगळं कळल्यावर तिचं मागणं एवढंच होतं, की रॉइसचे हात शाबूत आहेत तोवर त्यानं तिला शेजारी बसवून एकदा धान्याच्या कोठारापर्यंत न्यावं आणि परत आणावं. सहा मैल. देवाला जड जाऊ नये म्हणून तिनं जाणूनबुजून लहानसं मागितलं होतं.

पण निवड काही होईना. मूळचा दहा बोल्टांचा बसवावा, तर तो रॉइसच्या हातून पुन्हा मोडणार. फोर्डचा नऊ इंची दणकट खरा, पण शेव्हेलच्या पोटाखाली फोर्डचं, म्हणजे वैऱ्याच्या कंपनीचं, लोखंड घालण्यापेक्षा रॉइस चर्चमध्ये टोपी न काढता बसला असता. कोरा करकरीत मागवावा, तर "त्यात जीव नसतो." राहिला बारा बोल्टांचा, त्याच काळातला. तोही गाडीच्या आधी घडलेला हवा, कारण गाडीनंतर जन्मलेला भाग गाडीत घालायचा नाही ही ह्या मंडळींची शिस्त. तारखेचा शिक्का डिफरन्शियलच्या दांडीवर असतो, तो वाचल्याशिवाय ही माणसं खिशात हात घालत नाहीत.

"बायको शोधायला तुला दोन नाच पुरले," त्यांचा शेजारी डेलमार म्हणायचा, "आणि ह्याला वर्ष?"

"बायकोवर तारखेचा शिक्का नव्हता."

"होता," ग्लेना म्हणायची. "तू वाचलाच नाहीस, मुडद्या."

ह्या मे महिन्यात मात्र जत्रेच्या मैदानावरच्या सुट्या भागांच्या बाजारातून रॉइसनं एकदाचा डिफरन्शियल घेतला. ग्लेना आणि डेलमार कॉफी आणायला गेले होते, तेवढ्यात व्यवहार उरकला. ताडपत्रीत गुंडाळून माल घरी आला. ग्लेनानं त्या दुपारी खुशीत पीचचं सारण भरून गोड पाय भाजला. डेलमारनं गॅरेजात ताडपत्री सोडली आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"रॉइस, अरे ह्याला कान कुठायत?"

शेव्हेलच्या डिफरन्शियलला वरच्या अंगाला दोन कान असतात. गाडीचे दांडे त्यांनाच धरतात. कान नाहीत म्हणजे तो दुसऱ्याच गाडीचा, ह्या गाडीखाली बसणारच नाही. 'बोल्ट मागाहून मोजा, आधी कान बघा' हे अर्ध्या इंडियानाला शिकवणारा माणूस होता रॉइस.

"चुकलं," रॉइस म्हणाला. "गर्दी होती."

पीच पाय खाऊन झाल्यावर डेलमार अंगणात ग्लेनाला हळूच म्हणाला, "वहिनी, गर्दीबिर्दी काही नाही. आंधळ्यानंसुद्धा हात फिरवून ओळखलं असतं. आता डोकं पण जातंय का त्याचं?"

ग्लेनाला रडू यायच्या ऐवजी राग आला. दहा महिने सरले, आणि हा बाबा कान नसलेलं लोखंड घेऊन येतो! जाब विचारायलाच ती गॅरेजकडे निघाली. दार अर्धवट उघडं होतं.

गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर उभी होती, मागून पोकळ. रॉइस चालकाच्या जागेवर बसला होता. त्यानं दोन्ही हातांनी आपली डावी मांडी उचलली, झोपलेलं मूल उचलावं तशी, आणि पाऊल क्लचवर ठेवलं. मग गुडघ्यावर तळवे रोवून अंगाचा सगळा भार दिला. क्लच जागचा हलला नाही. पाऊल घसरून खाली पडलं. त्यानं पुन्हा उचललं. ग्लेनानं मोजलं, सात वेळा.

मग तो स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता समोर बघत बसला. डिफरन्शियल नव्हता म्हणून गाडी चालत नव्हती. तेवढंच कारण होतं, आणि तेवढंच राहायला हवं होतं.

ग्लेना पावलं न वाजवता परतली आणि भांडी घासू लागली. एक ताटली तिनं तीनदा घासली.

सप्टेंबरच्या बाजारात तो सापडलाच. खांदेपट्ट्यांची डांगरी घातलेला एक म्हातारा, उलट्या बादलीवर बसलेला, आणि समोर ठोकळ्यांवर डिफरन्शियल. बारा बोल्ट. दोन कान. म्हाताऱ्यानं एक चाक फिरवलं, तर दुसरंही त्याच दिशेनं फिरलं, म्हणजे आतलं यंत्र उत्तम. त्यानं खडूची खूण करून फेरे मोजून दाखवले. डेलमार पोरासारखा हसला.

"झालं! रविवारी बसवतो, सोमवारी चालव!"

रॉइस चालायच्या चौकटीला धरून उभा होता. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं फक्त ग्लेनाला दिसलं.

"शिक्का?" तो म्हणाला. त्याला वाकता येत नव्हतं. डेलमारचा चष्मा ट्रकमध्ये राहिला होता.

"मी बघते," म्हणून ग्लेना गुडघ्यावर बसली. तिनं अंगठ्यानं गंज पुसला. आकडे स्वच्छ होते: ०१ २२. जानेवारीची बावीस तारीख. त्यांची गाडी फेब्रुवारीतली. असा पुन्हा जन्मात मिळाला नसता.

"शून्य तीन," ती म्हणाली. "मार्च. गाडीनंतरचा आहे."

म्हाताऱ्यानं बोलायला तोंड उघडलं. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रॉइसच्या डाव्या बुटाकडे, ज्याचं टोक मातीत घासून झिजलं होतं. म्हाताऱ्यानं खडू खिशात टाकला.

"मार्चचाच," तो म्हणाला. "मी सांगणारच होतो."

"एका महिन्यानं काय बिघडतंय?" डेलमार ओरडला.

"माझ्या गाडीत नाही चालत," रॉइस म्हणाला, आणि त्याचा श्वास मोकळा झाला.

ट्रककडे जाताना दोघं मागे पडली. रॉइस थांबला.

"नक्की मार्च होतं?"

"नक्की."

"शिक्के वाचायला तू कधी शिकलीस?"

"चौदा महिने ऐकतेय. भिंतसुद्धा शिकली असती."

त्यानं चौकटीवरून उजवा हात काढून तिच्या गंजानं माखलेल्या बोटांवर ठेवला. त्याची बोटं मिटायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. ती गेल्या आठवड्यापर्यंत मिटत होती. ग्लेनानं दुसऱ्या हातानं ती मिटवून दिली.

"पुढचा बाजार एप्रिलला," तो म्हणाला.

"एप्रिलला बघू," ती म्हणाली. "कान आधी बघू."