दोन खाचांचा वॉशर

रोपवाटिकेच्या मालकाचा छोटा ट्रॅक्टर सकाळच्या थंडीत सुरू होत नव्हता. दादाने आधी नवी बॅटरी घातली, मग नवा स्टार्टर, आणि शेवटी इंजिनच खोलावं लागेल असं सांगून हात वर केले. मालक ट्रॅक्टर ओढत माझ्या शेडवर घेऊन आला, तेव्हा मला इतका आनंद झाला की तो लपवतासुद्धा येईना.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. वडील गेल्यावर महिन्याभरात त्याने त्यांच्या गॅरेजचं कुलूप बदललं. तेवढ्यावर थांबला असता तर एक वेळ मी गप्प बसले असते. पण अकरा वर्षं मी त्या गॅरेजात इंजिनं उघडली होती, आणि हा गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "तिला काय येतंय? पार्ट धुवायची ती." गेली तीन वर्षं मी पंक्चर काढून पोट भरतेय. त्या वाक्याची परतफेड कशी करायची, याचा विचार केला नाही असा एक दिवस गेला नसेल.

ट्रॅक्टर रात्रभर शेडबाहेर थंडीत गारठू दिला. सकाळी मालकाला म्हटलं, "दादालाही बोलवा. त्याच्यासमोरच दाखवते." दादा आला आणि खिशात हात घालून उभा राहिला.

किल्ली फिरवली. इंजिन जोरात फिरत होतं पण पेट घेत नव्हतं, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठणठणीत. थंड इंजिन आतून गरम करणारे हीटर प्लगही तिन्ही तापत होते.

"आता धूर बघा," मी मालकाला म्हटलं. "डिझेल आत जाऊन जळलं नाही तर पांढरा धूर येतो. इथे कसलाच धूर नाही. म्हणजे डिझेल पोचतच नाहीये."

डिझेलच्या फिल्टरवरचा, हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, तर नुसता फेस आला. गाडी उभी राहिली की कुठून तरी हवा शिरत होती आणि डिझेल मागे टाकीत उतरत होतं.

"एवढं साधं तुला दिसलं नाही, दादा?"

"तोंड कमी चालव, काम कर," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. मला फार बरं वाटलं.

फिल्टरच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर ओला होता. तो काढून पुसला. कडेवर कानशीच्या दोन खाचा होत्या. वडिलांचा नियम होता: जुना वॉशर लाल तापवून मऊ करायचा, मगच परत बसवायचा आणि कडेवर आपली खूण करायची. एक खाच दादाची, दोन माझ्या. गळालं तर कान कोणाचा पिळायचा, ते कळावं म्हणून. हा वॉशर कडक होता. मीच कधीतरी घाईत तो न तापवता बसवला होता, आणि यंदाच्या थंडीत त्याने दगा दिला.

दादाने वॉशर माझ्या हातातून घेतला, नखाने कड चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. आता बोल, मी मनात म्हटलं. खाचा माझ्या म्हणालास, तर इंजिन मी उघडत होते हेही कबूल करावं लागेल.

"कोणाचं काम हे?" मालकाने विचारलं.

"माझंच," दादा म्हणाला. "चूक झाली."

झालं. आजवर दादाकडे जाणारे रोपवाटिकेचे सगळे सात ट्रॅक्टर आता माझ्याकडे येणार होते. गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण माझं डोकं फिरलं. हा माणूस चूक अंगावर घेईल, एवढं मोठं गिऱ्हाईक घालवेल, पण मला काम येत होतं हे तोंडातून काढणार नाही.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले. "खूण माझी आहे आणि चूकही माझी आहे. तुमच्या सगळ्या ट्रॅक्टरांची इंजिनं मी उघडायचे. विचारा त्याला."

मालक त्याच्याकडे वळला. "खरंय का, मिस्त्री?"

दादाने वॉशर बोटांत फिरवला.

"हो," तो वॉशरकडे बघत म्हणाला. "इंजिनाचं काम तीच करायची."

"वर बघून सांग," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी मी त्याला ते पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणायला लावलं.