मागचं फाटक

आपल्या भाषेने गाढवावर जेवढा अन्याय केला आहे, तेवढा वीटभट्टीवाल्यांनीही केला नसेल. कुणी चुकलं की गाढव, कुणी नापास झालं की गाढव. म्हणे गाढवाला गुळाची चव काय. मी स्वतः गूळ चारून पाहिला आहे. चव उत्तम कळते, दुसऱ्या खड्यासाठी साडीवर घालते त्या माझ्या कामाच्या झग्याचा खिसा फाडला होता. म्हणून गाढवांवर उपचार करणाऱ्या आमच्या संस्थेत रिवाज उलटा आहे. इथे कामचुकाराला माणूस म्हणतात, आणि जो जीव ओतून, हट्टाने काम करतो त्यालाच 'गाढव आहेस' असं ऐकायला मिळतं. ज्याला मिळतं तो दिवसभर लाजत हिंडतो. मला डॉक्टरांनी ते आजवर कधी म्हटलेलं नव्हतं, आणि ते मला लागून राहिलं होतं.

मी खुरं कापते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी तर न अडताच रोज धरते. एका हातात खूर, दुसऱ्या हातात सुरी, कमरेला कानस. डॉक्टर म्हणजे माझी धाकटी नणंद, आणि औषधं देणारे कंपाउंडर म्हणजे आमचे हे. चार लोकांत मी तिला 'डॉक्टर, तुम्ही' म्हणते, घरी नावाने हाक मारते, आणि भांडायचं असेल तेव्हा 'वन्सं' म्हणते. 'वन्सं' ऐकलं की ती चष्मा काढून ठेवते. आमच्या ह्यांचं सांगायचं तर ते मायाळू आहेत. इतके मायाळू की त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात गोळ्या कमी आणि बिस्किटं जास्त असतात.

पावसाळा संपता संपता पायरीवाल्या मावशी त्यांच्या गाढवीला घेऊन आल्या. मावशी राहतात त्या वस्तीला रस्ता नाही, नुसत्या पायऱ्या आहेत, चढून जाईपर्यंत दम लागतो. वरच्या घरांना सिलिंडर, तांदळाची पोती, पाण्याचे कॅन, जे काही लागतं ते मावशी आणि त्यांची गाढवीण पोचवतात. गाढवीण पुढे, मावशी मागे, अशी वीसेक वर्षं चाललेली जोडी. नाव काय म्हणून विचारलं तर मावशी म्हणाल्या, नाव कशाला हवं, 'अगं' म्हटलं की ती बघते. आम्ही तिचं नाव बाईसाहेब ठेवलं, कारण दुखऱ्या पायानेही ती दवाखान्यात अशी आली होती की जणू आम्हीच तिला भेटायला आलो आहोत.

उजव्या पुढच्या खुरात पू झाला होता. मी खूर कोरलं तेव्हा काळं पाणी माझ्या मनगटापर्यंत उडालं आणि बाईसाहेबांनी असा सुस्कारा सोडला की मला रडूच आलं. मग पोटीस, पट्ट्या, इंजेक्शनं, सगळं सुरू झालं. मावशी दर भेटीच्या दिवशी यायच्या, पण पायऱ्या उतरताना आणि चढताना त्यांचा जीव जायचा. गुडघे संपले होते. एरवी त्या गाढवीच्या पाठीवर हात टेकून चढायच्या. आता भिंतीला धरून, मध्ये मध्ये बसत चढायच्या. एकदा मला म्हणाल्या, ही घरी आली नाही तर मलाही वरचं घर सोडावं लागेल, बहिणीच्या दारात जाऊन पडावं लागेल. हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत, नुसतं सांगितलं.

आता आमचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. बरं झालेलं जनावर घरी जाताना स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मर्जीने फाटकाबाहेर पडलं पाहिजे. दोर ओढायचा नाही, मागून ढकलायचं नाही, खाऊ दाखवायचा नाही. जे बाहेर पडत नाही ते आमच्याकडेच राहतं, म्हाताऱ्या गाढवांच्या कुरणात, कायमचं. हा नियम डॉक्टरांनी केला, कारण पूर्वी लोक अर्धवट बरी झालेली जनावरं ओढत न्यायचे आणि पुन्हा ओझ्याखाली घालायचे. नियम चांगला आहे. मीच त्याच्या बाजूने सगळ्यांशी भांडले होते.

पाय सुधारला तशी डॉक्टरांनी बाईसाहेबांना चालवायला सांगितलं. गोठ्यापासून फाटकापर्यंत आणि परत. आधी लंगडत, मग जरा बरं, मग ऐटीत. चालवायचं काम आमच्या ह्यांचं. मी जवळून जाताना 'शाब्बास, आता फिर मागे' म्हणायचे. डॉक्टर खिडकीतून मान हलवायच्या. सगळं छान चाललं होतं.

घरी पाठवायच्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. अध्यक्ष मनाने वाईट नाहीत, पण त्यांना फोटोत डाव्या बाजूने यायला आवडतं. त्यांनी फाटकाला हिरवा रंग लावून घेतला होता आणि फाटकाबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांच्या पुढे मावशी उभ्या होत्या, धुतलेली साडी, हातात नव्याने शिवलेलं खोगीर. महिनाभर ओझं घालायचं नाही हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ते शिवून आणलं होतं.

बाईसाहेब गोठ्यातून निघाल्या. काय चाल होती. मी त्या खुरावर इतके दिवस घालवले होते, मला त्यातला प्रत्येक ठोका ऐकू येत होता, चारही सारखे. फाटक सताड उघडं होतं. बाईसाहेब फाटकापाशी आल्या, थांबल्या, मान जरा उजवीकडे केली, आणि वळून शांतपणे गोठ्याकडे परत गेल्या.

लोक हसले. डॉक्टरांनी पुन्हा आणायला सांगितलं. पुन्हा तीच चाल, तेच थांबणं, तीच मान, तेच वळणं. समोर दहा हातांवर मावशी उभ्या असताना तिने पाठ फिरवली. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. मुक्या जिवाने आपला कौल दिला आहे, संस्थेचं प्रेम तिला सोडवत नाही, वगैरे बोलले. त्यांना खरंच भरून आलं होतं. डॉक्टरांचा चेहरा पडला होता, पण नियम त्यांचाच होता. मावशी फाटकाच्या आत आल्या आणि खोगीर माझ्या हातात दिलं.

"राहू दे तिला," त्या म्हणाल्या. "इथं खायला आहे, सावली आहे. माझ्याकडं काय, नुसत्या पायऱ्या. तिला कळतं सगळं."

मला असा संताप आला की काय सांगू. मावशींचा नाही, अध्यक्षांचाही नाही. संताप नुसता आला आणि कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. हे फाटकाच्या उजव्या खांबापाशी उभे होते, नेहमी उभे राहायचे तिथेच. चेहरा रडवेला. आणि उजवा हात कोटाच्या खिशात.

बाईसाहेब थांबायच्या ती जागा तीच. मान वळवायच्या ती त्याच खिशाकडे.

मी ह्यांचा हात धरून खिशातून बाहेर काढला. मुठीत बिस्किटाचा चुरा. मी विचारलं, रोज देत होतात? हे म्हणाले, रोज नाही, फक्त फाटकापाशी पोचली की एक, बिचारी दुखऱ्या पायाने एवढं चालायची, आणि मग तू 'फिर मागे' म्हणालीस की आम्ही फिरायचो. मी कपाळावर हात मारला. आम्ही घरच्या तिघांनी मिळून, मन लावून, शाबासकी देऊन, त्या जनावराला एकच धडा शिकवला होता: फाटक आलं की थांबायचं, बिस्किट खायचं आणि मागे फिरायचं. ती घरी जायला नको म्हणत नव्हती. ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी धडा म्हणून दाखवत होती, आणि आम्ही तिला नापास करत होतो.

मी सगळ्यांसमोर हाक मारली, "वन्सं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मी त्यांना सगळं सांगितलं, जरा मोठ्याने सांगितलं असेल. त्या लाल झाल्या. बिस्किटं त्यांनी खिडकीतून पाहिली होती, पण जनावर खूश राहतं म्हणून काही बोलल्या नव्हत्या. अध्यक्ष म्हणाले, कारण काहीही असो, नियम तो नियम, गाढवीण फाटकाबाहेर पडलेली नाही. मी विचारलं, नियमात कुठलं फाटक लिहिलं आहे?

कारण आम्हाला मागचंही एक फाटक आहे. चाऱ्याचा ट्रक येतो ते. गंजलेलं, एक बिजागरी सुटलेली, बाहेर चिखल आणि खाचखळगे. बाईसाहेबांना आम्ही तिथे कधीच नेलं नव्हतं. तिथे त्यांना काही शिकवलेलं नव्हतं, चांगलं नाही की वाईट नाही.

अध्यक्षांनी नव्या रंगाकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं. डॉक्टर मात्र फार वेळ विचार करत बसल्या नाहीत. दोर गळ्यातून काढून टाका, त्या म्हणाल्या, कंपाउंडरांनी कोट काढून आत ठेवून यावं, आणि गाढवीला कुणी हात लावायचा नाही.

मावशी यायला तयार नव्हत्या. एकदा पाठ फिरवलेली पाहिली, पुन्हा कशाला बघू, म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही वीस वर्षं तिच्या पुढे कधी उभ्या राहिलात का? त्या म्हणाल्या, नाही, मी मागंच असते. मग आजही मागेच राहा, मी म्हटलं, आणि खोगीर त्यांच्या हातात परत दिलं.

मागच्या अंगणात आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहिलो. मी फाटक उचलून उघडलं, बिजागरी अशी किंचाळली की दोन कोंबड्या पळाल्या. बाईसाहेब अंगणाच्या मध्ये उभ्या, मोकळ्या. मावशी त्यांच्या मागे, चार पावलं सोडून. बाईसाहेबांनी एक कान पुढे केला, एक मागे. मागचा कान मावशींवर होता.

मावशींनी हाक मारली नाही. त्यांनी सवयीने चपला नीट पायात सरकवल्या. कामाला निघताना चपला अशा फरशीवर घासल्या जात असतील, रोज.

तो आवाज ऐकला आणि बाईसाहेब चालू लागल्या.

फाटकापाशी थांबल्या नाहीत. उजवीकडे बघितलं नाही. चिखलात पाय घातला, खळग्यातून बाहेर काढला, आणि फाटकाबाहेर पडून सरळ पुढे निघाल्या, कारखान्याची शिटी झाल्यावर कामगार निघतात तशा. हे ओरडलेच, "गेली, गेली," आणि गोठ्यातल्या सगळ्या गाढवांनी एकदम गळा काढला. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. समोरच्या फाटकाकडचे लोक इमारतीला वळसा घालून धावत येईपर्यंत आमची बाईसाहेब गल्लीच्या टोकाला पोचली होती.

आम्ही सगळे तिच्या मागे निघालो. तिला रस्ता कुणी दाखवायची गरज नव्हती. गल्ली, मग कपड्यांची दुकानं, मग गॅरेज, मग पायऱ्या. वस्तीच्या पायऱ्या समोर उभ्या राहिल्या आणि बाईसाहेब पहिल्या पायरीपाशी थांबल्या.

अध्यक्ष धापा टाकत माझ्या शेजारी आले आणि हळूच म्हणाले, अडली पुन्हा. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

बाईसाहेब वळल्या नाहीत. मान नुसती अर्धी मागे करून उभ्या राहिल्या. मावशी बऱ्याच मागे पडल्या होत्या, गॅरेजपाशी, एक हात गुडघ्यावर. त्या येईपर्यंत बाईसाहेब हलल्या नाहीत. मावशी आल्या, त्यांनी गाढवीच्या पाठीवर हात टेकला, दम खाल्ला, आणि मग आमच्याकडे वळल्या.

"माझ्यासाठी थांबलीय ती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, विसरली."

मग दोघी चढू लागल्या. गाढवीण एक पायरी चढायची, मावशी तिच्या पाठीवर भार देऊन एक पायरी चढायच्या. कितीतरी दिवसांनी मावशी भिंतीला न धरता चढत होत्या, मध्ये न बसता. वरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी खाली बघून आत हाक दिली की आल्या, दोघीही आल्या, आणि मग पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं येऊन उभी राहिली. सगळी रिकाम्या हाताने टाळ्या वाजवत होती, एक बाई तेवढी रिकामा सिलिंडर घेऊन उभी होती. तिला मी खालूनच ओरडून सांगितलं की महिनाभर हे जमणार नाही.

अध्यक्ष सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. त्यांच्या बुटांना चिखल लागला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. फोटोवाला समोरच्या फाटकावरच राहिला होता.

डॉक्टर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. चष्मा अजून हातातच होता. वर, अगदी शेवटच्या पायरीवर, बाईसाहेबांनी मान उंच केली आणि त्या अशा ओरडल्या की खाली दुकानांची पत्र्याची शटरं थरथरली.

"वहिनी," माझी नणंद म्हणाली, "तू गाढव आहेस."

भर रस्त्यात, कमरेला कानस लावलेली मी, पदराने डोळे पुसत उभी राहिले. आमच्या ह्यांनी बिस्किट काढण्यासाठी खिशात हात घालायला घेतला आणि कोट दवाखान्यात ठेवला आहे हे त्यांना आठवलं.