पोटात गोट्या घेऊन फिरणारा ड्रम

मी एक जुना ड्रम आहे. वाजवायचा नव्हे, फिरवायचा. मित्रांनो, मान तिरकी केलेला, उघड्या तोंडाचा मोठा हंडा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी दिसेन. बाहेरून पोलाद, आतून जाड रबरी अस्तर. माझ्या पोटात स्प्रिंगा, काचेच्या बारीक गोट्या, पाणी, थोडे रसायन आणि जस्ताची पूड घालतात आणि मला फिरवतात. गोट्या ते जस्त ठोकून ठोकून स्प्रिंगांवर बसवतात. मग गंजाची डाळ सहजी शिजत नाही.

माझी खोड एकच, चौकसपणा. माल उपसला की चाळणीवर काम करणारी ताई गोट्या चाळून वेगळ्या करी, स्प्रिंगा सुकवी आणि त्यांची खोकी दाराबाहेर जात. पुढे त्यांचे काय होते? लेक सासरी गेली तरी तिची खुशाली कळते. मला तेवढेही कळत नसे.

एकदा ताई आपल्या मुलीला कारखान्यात घेऊन आली. मुलीच्या एका पायाला पट्ट्यांचा आधार होता आणि हनुवटीवर ताजे टाके.

"हे कसं झालं?" मला चालवणाऱ्या मिस्त्रींनी विचारले.

"आधाराची स्प्रिंग जिन्यात तुटली," ताई म्हणाली. "गंजते म्हणून हिच्या बाबांनी दुसरीकडून मुलामा देऊन आणली होती. आता ही जिन्याचं नाव काढू देत नाही."

मिस्त्रींनी तुकडे निरखले. "वीज लावून मुलामा दिला की कडक पोलाद कधी कधी ठिसूळ होतं. नवी स्प्रिंग आणा, ताई. आपण जस्त ठोकून चढवू."

नवी स्प्रिंग माझ्या पोटात फिरू लागली. मुलगी समोर बसून राहिली.

"आत तर अंधार आहे. जस्ताला कसं कळतं कुठे बसायचं?"

"त्याला काय कळतंय? गोट्या ढकलतात, तिथे बसतं."

"मग ते गोट्यांनाच का नाही चिकटत?"

मिस्त्रींनी डोके खाजवले. "विचारून सांगतो."

इतकी वर्षे गोट्या पोटात वागवून मलाही हा प्रश्न सुचला नव्हता.

स्प्रिंग करड्या रुपेरी रंगाची होऊन निघाली. मिस्त्रींनी ती पकडीत धरून दुपारभर दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मगच आधारात बसवली. मुलगी कारखान्याच्या लोखंडी जिन्यापाशी गेली. खालच्या पायऱ्यांवर तिने आईचा हात धरला, मधल्या पायऱ्यांवर कठडा, आणि वरच्या पायऱ्यांवर काहीच नाही. ताई खाली उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

पुढे माझे अस्तर फाटले. मोठा नवा ड्रम आला आणि माझी रवानगी मागच्या भिंतीपाशी झाली. कोणी माझ्यात चिंध्या टाकी, कोणी कागदी पेले. कचराकुंडीचे आयुष्य वाईट नसते, पण त्यात कळण्यासारखे काही नसते.

आईला न्यायला आलेली ती मुलगी एका संध्याकाळी माझ्यापाशी थांबली. आता ती चांगली उंच झाली होती. तिने चिंध्या उपसल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"आई, याचं नुसतं अस्तर फाटलंय गं. बाकी धडधाकट आहे."

ताईने मिस्त्रींना हाक मारली. मला नवे अस्तर लागले, आणि आता लहानसहान माल माझ्याच वाट्याला येतो.

मित्रांनो, काम संपले की आम्हा ड्रम-हंड्यांना धुऊन ठेवत जा. आणि कुणालाही भंगारात काढण्याआधी एकदा आत हात घालून पाहा. हात मळेल, पण तो धुता येतो.