हळदीतली आग

डोहगावच्या कडुलिंबाखाली त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सोनपेठहून, पूर्णेहून, पार सेलूकडून माणसं आली होती. कुणी एसटीनं, कुणी बैलगाडीनं. तक्रार मात्र सगळ्यांची एकच : छातीत जळतंय, घशाशी आंबट येतंय, करपट ढेकरांनी जीव नकोसा झालाय. दगडी ओट्यावर शीतलबाबा बसले होते. अंगभर पांढरं वस्त्र, कपाळभर चंदन आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"ही साधी जळजळ न्हाई, भक्तहो! हा जठरातला वणवा हाय! डाक्टर गोळी देतो. गोळीनं कधी वणवा विझलाय का?"

"न्हाई!" गर्दी ओरडली.

बायकांच्या घोळक्यात मालनबाई उभी होती. तिचा नवरा दत्तराव उघड्या अंगानं बाबासमोर बसला होता. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात तो भजी तळायचा. सकाळी उपाशीपोटी चहा, दिवसभर गालात तंबाखू आणि रात्री ठेचा-भाकर खाऊन लगेच आडवं व्हायचं, अशी वीस वर्षं काढली होती त्यानं. छाती तर केव्हापासूनच जळत होती. आता पोटात वरच्या अंगाला कळही यायला लागली होती.

बाबानं त्याच्या छातीला हळद फासली आणि तांब्यातलं 'शीतल गंगाजल' शिंपडलं. पिवळी छाती बघता बघता रक्तासारखी लाल झाली.

"बघा! आग वर आली!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. बाबानं वाटीतलं 'अमृत' बोटानं फिरवलं. लाल रंग विरला, छाती पुन्हा पिवळी झाली. "विझली!" शेवटी चिमूटभर विभूती पाण्यातून दिली. दत्तरावाला लांबलचक ढेकर आला आणि महिन्यात पहिल्यांदा त्याच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या.

जयजयकार झाला. मालनबाईच्या मात्र तो लाल रंग ओळखीचा होता. ती घरी कुंकू करून सोनपेठच्या बाजारात विकायची. हळदीला चुन्याचा खार लागला की ती लाल होते, लिंबू पिळलं की पिवळी, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण नवऱ्याचा सुटलेला चेहरा पाहून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा पुढे तिला फार राग आला.

ढेकराचं सुख तासभर टिकायचं. मग दत्तराव बाबानं दिलेल्या विभूतीची पुडी पुन्हा सोडायचा. पंधरा दिवसांत त्याचा चेहरा पांढराफटक पडला, दोन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. एका सकाळी तो परसाकडून आला तो भिंत धरतच.

"काळं पडायलंय," तो म्हणाला. "डांबरावानी."

"कवापासून?"

"चार दिस झाले. बाबा म्हनले, लय चांगलं हाय. आगीचा कोळसा होऊन पडायलाय."

मालनबाई तडक दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेली. कमलबाई पूर्णेच्या. बाबासाहेबांबरोबर बौद्ध झालेल्या घरातल्या. त्यांच्या घरचं पाणी न पिणारेही आजारी पडले की त्यांच्याच दारात यायचे.

"कोळसा नाही तो, मालनबाई. रक्त आहे," कमलबाई म्हणाल्या. "पोटात जखम झालीय. तिच्यातलं रक्त पचून काळं होऊन पडतंय. आजच परभणीला न्या त्यांना."

दत्तराव काही उठेना. "बाबानं शपथ घातलीय. डाक्टरची पायरी चढलो तर आग उलटंल. तुझं कुंकू जाईल म्हनले."

"कुंकू?" मालनबाईच्या आवाजाला धार आली. "कुंकवाचं मला कोण सांगायलाय? अवो, मी करते कुंकू! उठा. आधी बाबाकडंच जाऊ. तिथनंच एसटी धरू."

पिशवीत तिनं हळदीची पूड, चुन्याच्या निवळीची बाटली आणि दोन लिंबं टाकली.

कडुलिंबाखाली गर्दी होतीच. बाबाला गावात आणणारे जमीनदार आबासाहेब पहिल्या रांगेत बसले होते. मालनबाईनं दत्तरावाला खाली टेकवलं आणि ती थेट ओट्यावर चढली. कुणी अडवायच्या आत तिनं ओट्याच्या दगडाला हळद फासली आणि बाबाचा तांब्या त्यावर उपडा केला.

दगड लालभडक झाला.

"बाबा, ह्या दगडाला काय झालंय? ह्यानं बी ठेचा खाल्ला का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिनं आपल्या दंडाला हळद लावली, आपल्या बाटलीतली निवळी ओतली. दंड लाल झाला. लिंबू पिळलं, पिवळा झाला.

"चुन्याचं पानी हाय ह्ये, आन् अमृत म्हंजे लिंबाचा रस! बायांनो, हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो का न्हाई? मग रोज धुन्याच्या दगडावर कुनाची आग निघायलीय?"

"होतो की गं," तानुबाई पुटपुटली. बायकांत कुजबूज पसरली.

"पापिणी! भस्म होशील!" बाबा कडाडले.

"मालन, खाली उतर," आबासाहेब म्हणाले. "देवाधर्माच्या कामात बाईनं पडू नये."

"आबासाहेब, माझा मानूस मरायलाय. उतरते, पण ह्या विभूतीचं सांगून उतरते." तिनं विभूती वाटीत ओतून वर लिंबू पिळलं. वाटी फसफसून वर आली.

दत्तराव टक लावून पाहत होता. तो धडपडत उठला. विभूतीची चिमूट त्यानं जिभेवर ठेवली, भज्याचं पीठ चाखावं तशी.

"खायचा सोडा हाय ह्यो," तो सावकाश म्हणाला. "राख मिसळलेला. वीस वर्षं भज्याच्या पिठात घालायलोय मी. मला कसं कळलं न्हाई?"

"पर बरं तर वाटतंय ना?" म्हातारे आश्रुबा काकुळतीला आले होते. "मला बी वाटतंय. ते खोटं का?"

मागून आलेल्या कमलबाई पुढे झाल्या. "ते खरंच आहे, आश्रुबा. पोटातल्या आंबटाला सोडा मिळाला की असंच फसफसतं, ढेकर येतो, घटकाभर जळजळ थांबते. जखम मात्र तशीच राहते. दुखणं झाकलं जातं आणि माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर होतो."

शीतलबाबांना एकाएकी पुढच्या गावचे भक्त आठवले. झोळी आवरून ते गर्दीतून वाट काढत निघाले.

"मालन," दत्तराव म्हणाला, "एसटी कवा हाय?"

परभणीच्या डॉक्टरांनी त्याला दोन बाटल्या रक्त चढवलं. "आणखी दोन दिवस कोळसा पडू दिला असता तर हा माणूस हाताला लागला नसता," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अठरा दिवसांनी दत्तराव घरी परतला. तंबाखूची डबी दवाखान्यातच टाकून आला होता.

काही दिवसांनी आबासाहेब मालनबाईच्या दारात आले. जरा संकोचूनच बसले.

"मला बी तीच जळजळ हाय गं. कमलबाईनं बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठिवायला लावल्या. रातचं जेवण दिस बुडायच्या आत, आन् थोडंच. तिखट-तेलकट कमी, उपाशीपोटी चहा बंद. धोतराची गाठ सुदिक सैल करायला लावली. बरं वाटायलंय. पर नवस न्हाई, अंगारा न्हाई. नुसत्या विटा?"

"पानी चढाला चढतंय का, आबासाहेब? पोटातलं आंबट बी तसंच. डोस्कं उंच ठिवलं की ते घशाकडं येत न्हाई. पर काळं पडलं, उलटीत रक्त आलं, घास अडकायला लागला, न्हाई तर अंग वाळायलं, तर विटांच्या भरवशावर बसू नगा. त्याच दिशी दवाखाना गाठा."

आबासाहेबांनी मान हलवली. "तू म्हनतीस, म्हंजे खरंच असंल."

"न्हाई!" मालनबाई एवढ्या जोरात म्हणाली की ते दचकले. "मी म्हनते म्हनून मानू नगा. बाबा म्हनला म्हनून मानलं, तवाच आमचं घर बुडायला निघालं हुतं. घरी जावा. हळद घ्या, चुना घ्या, सोता करून बघा. इचारा, तपासा. मंग माना."

आबासाहेब उठले. जाता जाता वळून त्यांनी विचारलं, "चुना किती घ्यायचा?"